काचेवरचं बोट: केडगावच्या ब्रेलपासून टॉकबॅकपर्यंत

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण राजा-महाराजांचा नाही. आज आपण बोलणार आहोत बोटाबद्दल. म्हणजे काचेवर फिरणाऱ्या, कधी घाबरणाऱ्या, कधी चुकून भलतंच बटण दाबणाऱ्या बोटाबद्दल. आणि त्या बोटाला खेळातून शिकवता येतं का, याबद्दल. ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातलं काही तसंच राहिलं असेल तर चालवून घ्या.

हा विषय आत्ताच का? कारण फोन आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. १० नोव्हेंबर २०१४ ला 'जीवन प्रमाण' सुरू झालं, म्हणजे पेन्शनरांचा हयातीचा दाखला डिजिटल झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. मध्ये यूपीआय आलं, ओटीपी आला, ई-केवायसी आलं. आता आपल्या शिरूर-दौंड पट्ट्याचा विचार करा. पोरं रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत शिफ्टला, नाहीतर पुण्यात. घरी सत्तरीतले आई-वडील आणि त्यांच्या हातात त्याच पोरांचा जुना फोन. डोळ्यात मोतीबिंदू, बोटांना उसाच्या आणि कांद्याच्या कामाचे घट्टे. ओटीपी आला की शेजारच्या मुलाला हाक. पिन टाकायचा तरी त्याच मुलाला हाक. मुलगा चांगलाच असतो हो, पण आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे गल्लीला कळावं असं कुणालाच वाटत नाही.

म्हणजे प्रश्न 'म्हाताऱ्यांना मोबाइल येत नाही' एवढा गमतीचा नाहीये. स्वतःचे पैसे स्वतः बघता येणं, स्वतःचा दाखला स्वतः देता येणं, हा प्रश्न आहे. आणि याचं उत्तर शोधायला आपण थोडं मागे जाणार आहोत. आधी १९९० ला, मग त्याच्याही शंभर वर्षं मागे, आणि तेही आपल्याच दौंड तालुक्यात.

पत्त्यांनी शिकवलेला माउस

२२ मे १९९० ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज ३.० आणलं. त्यात एक पत्त्यांचा खेळ फुकट होता, सॉलिटेअर. आपल्यापैकी अनेकांनी सरकारी ऑफिसात काउंटरपलीकडच्या स्क्रीनवर तो पाहिलाय. हा खेळ वेस चेरी नावाच्या इंटर्ननं १९८८ मध्ये लिहिला होता आणि त्याबद्दल त्याला रॉयल्टी वगैरे काही मिळाली नाही. पत्त्यांची चित्रं केली सुझन केअर यांनी, ज्यांनी आधी ॲपलच्या मॅकिंटॉशचे आयकॉन काढले होते.

आता गंमत बघा. त्या काळात बहुतेक लोकांना कॉम्प्युटर म्हणजे कीबोर्ड. माउस हे नवीनच प्रकरण. बटण दाबून धरायचं, तसंच धरून हात सरकवायचा आणि योग्य जागी सोडायचं, ही क्रिया आपल्याला आज सोपी वाटते, पण तेव्हा ती कुणाच्याच हातात बसलेली नव्हती. याचे क्लास घेतले असते तर लोक कंटाळले असते. त्याऐवजी लाल नहिल्यावर काळी अठ्ठी ठेवायला दिली. एका डावात माणूस पन्नास-साठ वेळा तीच क्रिया करतो आणि आपण काहीतरी शिकतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. दोन वर्षांनी, १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये माइनस्वीपर आला. त्यात डाव्या बटणानं घर उघडायचं आणि उजव्या बटणानं झेंडा लावायचा. दोन बटणांतला फरक बोटांना कळला.

आता यातलं तंत्र नीट सुटं करून बघू, कारण पुढे तेच लागणार आहे. पहिली गोष्ट, खेळात चूक फुकट असते. पत्ता चुकीच्या जागी गेला तर तो परत येतो, बँकेतून पैसे जात नाहीत. दुसरी गोष्ट, एकच क्रिया पुन्हा पुन्हा होते, पण दर वेळी कारण वेगळं असतं, म्हणून कंटाळा येत नाही. तिसरी, उत्तर लगेच मिळतं: बसला की नाही बसला, ते त्याच क्षणी कळतं. आणि चौथी, खेळाचे नियम माणसाला आधीपासून माहीत असतात. पत्ते नवीन नव्हते, माउस नवीन होता. एका वेळी एकच गोष्ट नवीन.

केडगावची दोन बीजं

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे आलात की जवळच केडगाव. पुणे-दौंड रेल्वेवरचं स्टेशन. इथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आपण सगळे ऐकून आहोत. पण आजच्या विषयाशी त्याचा संबंध आहे तो दोन गोष्टींनी, आणि त्या दोन्ही सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत.

पहिली गोष्ट. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या त्या समारंभासाठी. तिथे राहिल्या, फिरल्या आणि किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. ही पद्धत जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांची. १८३७ मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्याकडे शिकवण्याची साधनं म्हणजे पुस्तकं नव्हती, 'भेटी' होत्या. पहिली भेट लोकरीच्या रंगीत मऊ चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, लाकडी ठोकळा आणि दंडगोल. आधी हातात घे, फिरव, घरंगळू दे, मग त्याचं नाव. खेळ म्हणजे अभ्यासातून मिळालेली सुट्टी असं न मानता खेळालाच अभ्यास करणारी ही पद्धत रमाबाईंना महत्त्वाची वाटली. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं, आणि शतक संपता संपता कामाचा सगळा पसारा केडगावला हलला.

दुसरी गोष्ट. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांत केडगावला शेकडो बायका-मुली आल्या. त्यांत दृष्टिहीन मुलीही होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि त्यांनी या मुलींना शिकवायला सुरुवात केली. विचार करा, ज्या काळात डोळस मुलीला शाळेत घालताना लोक दहा वेळा विचार करत, त्या काळात भीमेच्या काठच्या या भागात दृष्टिहीन मुली बोटांनी वाचत होत्या.

ब्रेल म्हणजे काय, तर सहा टिंबं. लुई ब्रेलनं १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ही लिपी बांधली. तिचा खरा शोध मला असा वाटतो की अक्षर डोळ्यांच्या मापाचं न ठेवता बोटाच्या टोकाच्या मापाचं केलं. त्याच्या आधी साधीच अक्षरं उठावदार करून छापत, आणि बोटाला ती चाचपत बसावी लागत. ब्रेलचं अक्षर एका स्पर्शात कळतं. आणि ब्रेल वाचणारं बोट दाबत नाही, हलकेच सरकत जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येतोय.

आपल्याकडे आधी निरनिराळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं आणि भारतीय भाषांना समान पाया मिळाला.

हे स्पष्ट सांगतो की केडगावला खेळातून ब्रेल शिकवत होते असा माझा दावा नाही. माझं म्हणणं एवढंच की 'खेळातून शिकवा' आणि 'बोटानं वाचा' हे दोन्ही विचार सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात, एकाच संस्थेत येऊन पोचले होते. ते आपल्याला परके नाहीत.

बटणं गेली

आता टचस्क्रीन. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी बोटानं चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली, ती विमान वाहतूक नियंत्रणासाठी. १९७२ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो ४' या शिकवणाऱ्या कॉम्प्युटरला स्पर्शाचा पडदा होता: सोळा बाय सोळा घरं, अदृश्य इन्फ्रारेड किरणांची जाळी, आणि विद्यार्थी उत्तराला बोट लावणार. म्हणजे टचस्क्रीनच्या बालपणातच शिकणं होतं.

२००७ मध्ये आयफोन आला आणि बटणं गेली. आपल्याकडे खेडोपाडी हे जरा उशिरा जाणवलं. २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि घराघरात काच आली. आता जुना बटणांचा फोन आठवा. पाच नंबरच्या बटणावर एक छोटा उंचवटा असायचा. दृष्टिहीन माणूस अंगठा तिथे ठेवायचा आणि बाकीचा सगळा नकाशा त्याच्या हातात यायचा. दोन वर, आठ खाली, चार डावीकडे, सहा उजवीकडे. अंधारात मोटार चालू करायला निघालेला शेतकरीही तसाच नंबर लावायचा. सपाट काचेनं तो एक ठिपका काढून घेतला. डोळस माणसाला हे कळलंसुद्धा नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या पायाखालची वाट गेली.

पुण्याच्या मुलानं परत आणलेला ठिपका

इथे आपल्या गोष्टीत टी. व्ही. रामन येतात. जन्म १९६५, पुणे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. भाऊ आणि इतर लोक पुस्तकं वाचून दाखवत आणि ते ऐकून शिकत. खेळ मात्र सुटला नाही: ब्रेल खुणांचा रुबिक क्यूब ते सोडवायला शिकले. पुण्यात वाडिया कॉलेजातून गणितात बी. ए., मग आयआयटी मुंबई. तिथे शेवटच्या वर्षाला त्यांनी गणितातला वक्र डोळ्यांऐवजी कानांनी 'बघता' येईल असा प्रोग्रॅम लिहिला. मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी, विषय: गणिताची समीकरणं कॉम्प्युटरनं वाचून कशी दाखवायची. त्या प्रणालीचं नाव 'ॲस्टर', आणि त्यांच्या मार्गदर्शक कुत्रीचंही नाव ॲस्टर. १९९५ मध्ये त्यांनी 'इमॅकस्पीक' आणलं, बोलणारं कामाचं टेबल म्हणा ना. आणि त्या टेबलावर सुडोकू आणि '२०४८' हे खेळही बोलत खेळता येतात. मी स्वतः कोड लिहितो, त्यामुळे हे तपशील मला जास्त आवडतात. माणूस स्वतःसाठी अवजार बनवतो आणि त्यात खेळाला जागा ठेवतो.

२००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले. अँड्रॉइड आल्यावर त्यांनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी एक डायलर बनवला, त्यातली युक्ती ऐका. काचेवर पाच कुठे आहे हे शोधायची गरजच काढून टाकली. तुम्ही पहिल्यांदा जिथे बोट ठेवाल, तोच पाच. तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, तिरकं वर डावीकडे एक, तिरकं खाली उजवीकडे नऊ. चुकलं तर फोन हलवा, आकडा पुसला जाईल. बस्स.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली ही सर्वांत मोठी कल्पना आहे. तोपर्यंत सगळे म्हणत होते की माणसानं बटण शोधावं. रामन यांनी ते उलटं केलं: बटणानं माणसाच्या बोटाखाली यावं.

२००९ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर आलं आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आलं. २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये बोट फिरवून पडदा ऐकायची सोय आली. बोट हलकेच सरकवत न्यायचं, खाली जे असेल ते फोन बोलणार. हवं ते सापडलं की दोनदा टकटक. आठवतंय, ब्रेल वाचणारं बोट दाबत नाही, सरकतं? तेच बोट इथे परत आलं. आणि २०२० मध्ये टॉकबॅकमध्ये ब्रेल कीबोर्डही आला, सहा बोटांसाठी सहा टिंबं, काचेवर. लुई ब्रेलचीच सहा टिंबं.

मग खेळ कुठे अडतो?

आता कटू गोष्ट. सगळे खेळ सगळ्यांसाठी नसतात. साध्या ॲपमध्ये प्रत्येक बटणाला एक नाव असतं, टॉकबॅक ते नाव वाचतं. पण बहुतेक मोबाइल गेम अख्खा पडदा एका चित्रासारखा रंगवतात. टॉकबॅकला त्यात बटण दिसत नाही, सोंगटी दिसत नाही, फक्त एक मोठा कोरा चौकोन दिसतो. गेम बनवणाऱ्यानं मुद्दाम सोय केली तरच तो बोलतो. म्हणजे जो खेळ आपल्या आजीला टचस्क्रीन शिकवतो, तोच दृष्टिहीन काकांसाठी बंद दार असू शकतो.

पण उलटं उदाहरणही आहे. १९९७ मध्ये जपानमध्ये केंजी एनो यांनी 'रिअल साउंड' नावाचा खेळ काढला, ज्यात चित्रंच नव्हती. दृष्टिहीन चाहत्यांना भेटल्यावर त्यांना ही कल्पना सुचली होती. २०१५ मध्ये फ्रान्समधून 'अ ब्लाइंड लेजंड' आला: पडदा काळा, कानात हेडफोन, बोटाच्या ओढीनं चालायचं आणि लढायचं. इथे डोळस माणूसच नवशिका ठरतो.

आणि आपल्याकडचे खेळ? सागरगोटे अर्धे हाताच्या अंदाजानं खेळतात. काचापाणीत कोणती काच हलकेच उचलायची हे बोटाला कळावं लागतं. हात तयार करणारे खेळ आपल्याकडे होतेच.

शिकवायचं कसं?

२०१६ मध्ये नवी मुंबईच्या कंपनीनं काढलेला 'लुडो किंग' २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला. आमच्याकडे आजी त्यावरच टॅप शिकली. नियम तिला लहानपणापासून माहीत, फासा दिसतो, बोट लावलं की फिरतो. सॉलिटेअरचं चौथं तत्त्व तेच: एका वेळी एकच गोष्ट नवीन.

म्हणून माझा सल्ला असा की ॲप शिकवू नका, क्रिया शिकवा, आणि प्रत्येक क्रियेला एक खेळ लावा. टॅपसाठी लुडो. ओढून नेऊन सोडण्यासाठी सॉलिटेअर किंवा चित्राचे तुकडे जोडायचा खेळ. चार दिशांना बोट सरकवण्यासाठी '२०४८', कारण त्यात घड्याळ नाही, विचार करायला हवा तेवढा वेळ. दाबून धरण्यासाठी माइनस्वीपर, कारण माउसवर जे उजवं बटण होतं ते फोनवर 'दाबून धरणं' झालं. दिसत नसेल तर टॉकबॅकमध्येच सरावाचे धडे आहेत, तिथून सुरुवात करा. दोन्ही आवाजाची बटणं काही सेकंद एकत्र दाबून धरली की बऱ्याच फोनवर टॉकबॅक सुरू करता येतं, आणि मराठी आवाजही लावता येतो.

थोडं तांत्रिक. टचस्क्रीन दाबानं चालत नाही, त्वचेतून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारानं चालते. म्हणून कोरडं, घट्टे पडलेलं बोट तिला नीट कळत नाही आणि माणूस आणखी जोर लावतो. जोर लावला की बोट रेंगाळतं, आणि साधारण अर्धा सेकंद रेंगाळलं की फोनला वाटतं 'दाबून धरलंय'. मग भलताच मेनू उघडतो आणि आजोबा म्हणतात, 'माझ्याच हातून बिघडतं.' तर त्यांच्या हातून काही बिघडत नाही. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'टच अँड होल्ड'चा वेळ वाढवा. बोट किंचित ओलसर करा. स्क्रीनगार्ड जाड असेल तर काढा.

दोन इशारे. फुकट गेममधल्या जाहिराती म्हाताऱ्या माणसाला जाहिराती वाटत नाहीत, त्या खेळाचाच भाग वाटतात. शिकवताना इंटरनेट बंद करून खेळायला द्या. आणि पैसे लावायच्या गेमपासून शंभर हात लांब. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं त्यावर बंदीचा कायदा केला आहे, तरी लिंक फिरतच असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्यांच्या हातातून फोन घेऊ नका. 'द्या इकडे, मी करतो' हे वाक्य म्हणजे बुडालेला धडा. बोट त्यांचंच पाहिजे.

हक्काची गोष्ट

शेवटी एक ताजा इतिहास. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींची एक याचिका होती आणि एका दृष्टिहीन व्यक्तीची दुसरी. मुद्दा ई-केवायसीचा. कॅमेऱ्यासमोर पापणी मिटा, असं ॲप सांगतं. ज्यांची पापणीच मिटत नाही, ज्यांना कॅमेऱ्याची चौकट दिसत नाही, त्यांनी काय करायचं? न्यायालयानं म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ई-केवायसी सर्वांना वापरता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले.

म्हणजे दोन्ही बाजूंनी काम आहे. आमच्यासारखे जे ॲप लिहितात त्यांनी बटणाला नाव द्यायचं, बटण मोठं करायचं, वेळ द्यायचा, चुकलं तर परत फिरायची वाट ठेवायची. हे उपकार नाहीत, आता तो कायद्याचा भाग आहे. आणि घरच्यांनी थोडा वेळ द्यायचा, खेळायला.

रमाबाईंनी चेंडू आणि ठोकळे महत्त्वाचे मानले, मनोरमाबाईंनी टिंबं शिकवली, रामन यांनी बोटाखाली पाच आणून ठेवला. यातल्या कुणीही 'या लोकांना जमणार नाही' इथून सुरुवात केली नाही. या रविवारी घरी असाल तर आई-वडिलांबरोबर एक डाव खेळा, आणि फासा त्यांनाच टाकू द्या. कोणता खेळ जमला, कुठे अडलं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.